चमचा तिरका करून बघा : बाळाचं वरचं खाणं कधी आणि कसं सुरू करायचं

"सहावा लागला ना गं? मग आता उष्टावण करून टाका."

बाळ असलेल्या घरात हे वाक्य हमखास ऐकू येतं, आणि पहिला घोळ इथेच होतो. मराठीत 'सहावा लागला' म्हणजे पाच महिने झाले. डॉक्टर म्हणतात ते 'सहा महिने पूर्ण झाल्यावर'. ऐकायला दोन्ही सारखंच वाटतं, पण मध्ये अख्खा एक महिना आहे. १० जानेवारीला जन्मलेल्या बाळाला सहावा लागतो १० जूनला, आणि सहा महिने पूर्ण होतात १० जुलैला. जागतिक आरोग्य संघटना ज्याला १८० दिवस म्हणते ते हेच. म्हणून आमच्या घरी मी सोपं करून सांगितलं होतं : "सातवा लागला की सुरू."

त्यात आणखी एक गुंता म्हणजे मुलीचं उष्टावण विषम महिन्यात आणि मुलाचं सम महिन्यात करायची रीत. मग मुलीचं पाचव्यात उरकतात आणि मुलाचं सहाव्यात राहून गेलं तर थेट आठव्यावर जातं. म्हणजे एकीला फार लवकर, दुसऱ्याला उशीर. मामाच्या मांडीवर बसवून, चांदीच्या वाटीतली खीर सोन्याच्या अंगठीने चाटवायची, हा सोहळा गोड आहे. तो मोडा असं कोण म्हणेल? मुहूर्त आधीचा निघाला तर अंगठीचं टोक ओठाला टेकवा, फोटो काढा आणि वाटी बाजूला ठेवा. रोजचं खाणं सातवा लागल्यावर. मुहूर्त उशिराचा असला तर उलट करा : खाणं वेळेत सुरू होऊ द्या, सोहळा मागाहून येईल.

आजी म्हणतात, "आम्ही तर चार झाले की द्यायचो, काय झालं तुम्हाला?" त्याही चुकीचं सांगत नाहीत. २००१पर्यंत जागतिक आरोग्य संघटनेचाच सल्ला 'चार ते सहा महिन्यांच्या दरम्यान' असा होता. आपल्याकडे बाळाच्या तयार खाण्याच्या जाहिरातींना लगाम घालणारा कायदा १९९२ साली आला, त्यातसुद्धा हे खाणं चार महिन्यांनंतरचं धरलं होतं. २००३च्या दुरुस्तीत ते सहा झालं. म्हणजे त्यांच्या वेळी डॉक्टर आणि डबा दोघंही चारच सांगत होते. मधल्या काळात अभ्यास झाले. निव्वळ अंगावरच्या दुधावर सहा महिने काढलेली बाळं कमी आजारी पडतात, विशेषतः जुलाबाने, आणि त्यांच्या वाढीतही काही कमी पडत नाही, असं त्यात दिसलं. सल्ला बदलला तो त्यामुळे.

तारीख झाली, पण बाळही तयार हवं. मान डळमळत नाही ना? थोड्या आधाराने बसतं का? आपण घास तोंडाकडे नेला की डोळ्यांनी त्याचा पाठलाग करतं, हात पुढे करतं का? आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे चमचा जिभेवर ठेवला की जीभ तो बाहेर ढकलत नाही ना? लहान बाळांची जीभ आपसूकच बाहेर ढकलते, कारण घशात भलतंसलतं जाऊ नये म्हणून निसर्गाने ठेवलेली ती राखण आहे. ती सैल पडली की चमच्यातलं मागे सरकवून गिळता येतं. ही सगळी चिन्हं साधारण सहा महिन्यांच्या आसपासच एकत्र दिसतात.

मुठी चोखणं, रात्री जास्त वेळा उठणं, अचानक दुधासाठी वारंवार रडणं ही मात्र तयारीची चिन्हं नव्हेत. चौथ्या महिन्यात ती जवळजवळ प्रत्येक बाळात दिसतात आणि "दूध पुरत नाही हिला" असं म्हणून नेमक्या तेव्हाच वरचं सुरू होतं. आठवड्याभरात ती आपोआप सरतात. दिवसाच्या आधी जन्मलेल्या बाळाचा हिशोब वेगळा असतो. किती आठवडे आधी आलं हे पाहून कधी सुरू करायचं ते डॉक्टरांना विचारूनच ठरवावं.

आता मुख्य गोष्ट. या लेखातलं एवढंच लक्षात राहिलं तरी माझं काम झालं.

बाळाच्या पोटात मावतं किती? ढोबळमानाने वजनाच्या प्रत्येक किलोमागे ३० मिली. सात किलोचं बाळ म्हणजे एका वेळी २०० मिलीच्या आसपास, एक भरलेली वाटी. त्यातही अंगावरचं दूध चालू असणारच. या वयात, म्हणजे सहा ते आठ महिन्यांत, दुधाशिवाय वरच्या खाण्यातून दिवसाला साधारण २०० किलोकॅलरी लागतात. नऊ ते अकरा महिन्यांत ३००, आणि वर्षानंतर ५५०च्या घरात. जागा लहान आणि गरज मोठी, असा हा पेच आहे.

आणि आपण काय देतो? वरणाचं पाणी. कुकर उघडला की डाळीवरचं पिवळं पाणी वाटीत काढायचं, चिमूट हिंग, आणि 'सगळं सत्त्व पाण्यात उतरतं' ही खात्री. उतरत नाही. डाळीतली प्रथिनं आणि पिष्ट दाण्यातच असतात. पाण्यात रंग, वास आणि थोडेसे क्षार येतात. भाताची पातळ पेज, फळांचा गाळलेला रस, भाज्यांचं सूप, सगळ्यांची तीच गत. वाटीभर पाण्याने पोट फुगतं, बाळ तोंड फिरवतं, आपण म्हणतो "पोट भरलं गं तिचं." खरंच भरलेलं असतं, पाण्याने. वर दूधही कमी प्यायलं जातं. म्हणजे दोन्हीकडून तोटा. माझ्या मुलीच्या वेळी पहिले पंधरा दिवस आमच्याकडेही वरणाचं पाणीच चाललं होतं. महिनाअखेरीस वजनाचा काटा जागचा हलला नव्हता, तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला.

एकदा हिशोब करून बघा. २० ग्रॅम तांदूळ म्हणजे ७० किलोकॅलरी. १० ग्रॅम मूगडाळ म्हणजे ३५ च्या आसपास. वर एक छोटा चमचा, पाच ग्रॅम, साजूक तूप म्हणजे ४५. एकूण १५०. हे मऊ शिजवून घोटलं तर साधारण दीडशे ग्रॅमची वाटी होते. दिवसभरात दोन-तीन वेळा मिळून एवढं पोटात गेलं तरी २०० च्या जवळ पोचलात, आणि भाजी, फळ, अंडं अजून यायचंच आहे. तेच तांदूळ-डाळ चौपट पाण्यात केलं तर तेवढ्याच कॅलरींसाठी बाळाला तीन वाट्या प्यायला लागतील. ते शक्यच नाही.

म्हणून चाचणी सोपी ठेवा. चमचा भरा आणि तिरका करा. घास ओघळून गेला तर पातळ आहे. चमच्यावर बसून राहिला, हळूच गोळ्याने पडला, तर बरोबर. आमटीला आपण 'पळीवाढी हवी' म्हणतो ना, बाळाचं खाणं तसं अजिबात नको. आणि बाटलीत घालून तर नकोच. बाटलीतून जाईल इतकं पातळ केलं की सगळा उद्देशच गेला, शिवाय बाटली नीट धुतली जात नाही आणि जुलाब लागतात ते वेगळंच. वाटी आणि चमचा, बस्स.

इथे नाचणीबद्दल थोडं सविस्तर सांगावं लागेल, कारण आपल्याकडे बाळ म्हटलं की नाचणीचं सत्त्व आलंच. नाचणीत १०० ग्रॅममागे साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, कुठल्याही नेहमीच्या धान्यापेक्षा कितीतरी जास्त. पण 'सत्त्व' या एका नावाखाली दोन वेगळे पदार्थ फिरतात. एकात भिजवलेली नाचणी वाटून, फडक्यातून गाळून, खाली बसलेला पांढरा साका वाळवतात. हे गुळगुळीत होतं, पचायला हलकं लागतं, पण ते बहुतेक पिष्टच. नाचणीचं कॅल्शियम बरंचसं तिच्या सालात असतं आणि ते चोथ्याबरोबर गाईच्या घमेल्यात जातं. दुसऱ्यात नाचणी भिजवून, फडक्यात बांधून मोड आणतात, वाळवून दळतात आणि चाळून घेतात. हे दुसरं घ्या.

मोड आणण्यात आपल्या आज्या-पणज्यांनी एक युक्ती लपवून ठेवली होती. धान्याला मोड आला की त्यात अमायलेज नावाचं विकर (एन्झाइम) तयार होतं. बियाण्यातलं पिष्ट फोडून कोंबाला खाऊ पुरवायचं हे त्याचं काम. साध्या पिठाची खीर शिजवताना पिष्टाचे दाणे पाणी पिऊन फुगतात, म्हणून दोन चमचे पिठातही ती घट्ट पेस्टसारखी होते आणि आपण पाणी वाढवत जातो. मोडाच्या पिठात विकर ते फुगलेलं पिष्ट तोडत जातं, त्यामुळे तेवढ्याच पाण्यात जास्त पीठ घातलं तरी खीर गिळता येईल इतकी मऊ राहते. त्याच वाटीत जास्त अन्न. एकच पथ्य पाळा : पीठ गार पाण्यात कालवून मंद आचेवर ढवळत हळूहळू गरम करा, म्हणजे विकराला काम करायला वेळ मिळतो, मग चांगली उकळी येऊ द्या. पीठ आधी खरपूस भाजलंत तर वास छान येईल, पण विकर बऱ्यापैकी मरेल. या खिरीला चमच्याची चाचणी थोडी सैल लागते. ती जरा ओघळली तरी चालेल, कारण आत पीठ भरपूर आहे.

पेचाचा दुसरा भाग लोहाचा, आणि तो डोळ्यांना दिसत नाही. बाळ जन्मताना आईकडून लोहाची शिदोरी घेऊन येतं. नाळ लगेच न कापता मिनिटभर तरी थांबलं तर ती थोडी मोठी मिळते. ही शिदोरी साधारण सहा महिने पुरते. आईच्या दुधात लोह मुळातच फार कमी, लिटरमागे अर्ध्या मिलिग्रॅमच्या आतबाहेर. ते छान शोषलं जातं, पण प्रमाणच तुटपुंजं. सहा ते बारा महिन्यांत बाळाचा मेंदू आणि रक्त दोन्ही झपाट्याने वाढतात; अमेरिकेतला मापदंड या वयाला दिवसाला ११ मिलिग्रॅम लोह सांगतो. म्हणून 'दूध भरपूर येतंय, मग वरचं कशाला घाई' हेही चालत नाही. दुधात काही खोट नाही, फक्त हे एक काम त्याच्याकडे दिलेलंच नाही. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांपैकी जवळजवळ ६९ टक्के मुलांना रक्तक्षय आढळला. त्याच पाहणीत देशभरात सहा ते आठ महिन्यांच्या बाळांपैकी निम्म्याहून कमी बाळांना दुधाबरोबर काही घट्ट-मऊ अन्न मिळत होतं. हे दोन आकडे शेजारी ठेवून वाचावेत.

लोह कशातून? खात असाल तर अंडं, मासे, चिकन, मटण, आठवड्यातून एकदा चमचाभर कुस्करलेली कलेजी. सहा महिने झाले की हे सगळं चालतं, 'दात येऊ देत मग' म्हणायची गरज नाही. खिमा शिजवून वाटला की झालं. किनाऱ्यावरच्या घरांत मऊ मासा काटे बघून बघून भातात कालवून देतातच, उत्तम आहे. शाकाहारी घरात डाळी, मोडाची कडधान्यं, नाचणी, हिरव्या पालेभाज्या आहेत. त्यांतलं लोह शरीराला कमी लागू पडतं, पण त्याला वाढवायचा उपाय आपल्या ताटातच असतो : वरून लिंबू पिळा. 'क' जीवनसत्त्वाने ते लोह जास्त शोषलं जातं. आपण वरणभातावर लिंबू पिळतो ते चवीसाठी, बाळाच्या वाटीत ते औषधासारखं काम करतं. चहा उलटं करतो, लोह अडवतो. त्यामुळे 'चहात बुडवलेलं बिस्कीट' हा जो सर्वव्यापी पहिला घास आहे, त्यात मैदा, साखर आणि लोहचोर असं तिन्ही एकत्र येतं. गूळ आणि खजुरावर भिस्त ठेवू नका. त्यांच्यात लोहापेक्षा साखर कितीतरी जास्त. सरकारी कार्यक्रमात सहा महिन्यांपासून लोहाचं सिरप आठवड्यातून दोनदा एक-एक मिली देतात. आशाताई बाटली देऊन जातात आणि ती फडताळात तशीच राहते. कारण शी काळी होते आणि घरचे घाबरतात. काळी होणारच, लोहाचा रंग आहे तो. ती बाटली उघडा. आधीपासून दुसरं एखादं लोहाचं औषध चालू असेल तर तेवढं विचारून घ्या.

प्रत्यक्ष पहिला दिवस तसा साधा. बाळ आजारी नसावं, झोपेला आलेलं नसावं, भुकेने कळवळलेलं नसावं. थोडं दूध पाजून मग बसवा. मांडीवर, पाठीला आधार, तोंड समोर. मऊ भात-वरण-तूप घोटून दोन-तीन छोटे चमचे. बहुतेक बाहेर येईल, गालाला लागेल, लाळेऱ्यावर सांडेल. बाळ असं तोंड वेंगाडेल की जणू आपण त्याला कारलं दिलंय. ही नावड नाही, नवखेपणा आहे. दोन वेळा द्या, दर दोन-तीन दिवसांनी वाढवा, महिनाभरात दिवसाला दोन-तीन वेळा अर्धी अर्धी वाटी होऊ दे. नवव्यानंतर तीन-चार वेळा, मध्ये एखादं केळं, उकडलेलं रताळं. अंगावरचं दूध चालूच, दोन वर्षांपर्यंत आणि पुढेही हवं तितकं. उकळून गार केलेलं पाणी आता घोट घोट चालेल.

मिक्सर मात्र लवकर कपाटात जाऊ द्या. पहिले काही दिवस गुळगुळीत ठीक, मग रवीने घोटलेलं, मग हाताने कुस्करलेलं, नवव्या महिन्यापर्यंत बारीक गुठळ्या आणि हातात धरता येईल असा मऊ तुकडा. इंग्लंडमधल्या एव्हन भागातल्या हजारो मुलांच्या पाहणीत, दहा महिन्यांनंतर पहिल्यांदा गुठळ्यांचं खाणं मिळालेली मुलं पुढे खायला जास्त त्रास देणारी निघाली. चावणं ही शिकायची गोष्ट आहे आणि ती शिकायला दात लागत नाहीत, हिरड्या पुरतात. दोन-अडीच वर्षांची मुलं पोळीचा तुकडा तोंडात धरून बसतात, त्यातल्या कित्येकांच्या घरी मिक्सर दीड वर्षं बंद झालेला नसतो.

घशात अडकेल ही भीती असतेच, म्हणून दोन गोष्टी वेगळ्या ओळखायला शिका. उबळ येणं म्हणजे बाळ खोकतं, ओकारीसारखं करतं, तोंड लाल होतं, आवाज येतो. याचा अर्थ त्याची राखण नीट काम करतेय. बोट घालू नका, थांबा, ते स्वतः बाहेर काढेल. गुदमरणं शांत असतं. आवाज नाही, रडणं नाही, खोकला उमटत नाही, ओठ निळसर. तेव्हा बाळाला हातावर पालथं, डोकं छातीपेक्षा खाली, दोन खांद्यांच्या मध्ये तळव्याने पाच थापट्या, निघालं नाही तर उताणं करून छातीच्या मधोमध दोन बोटांनी पाच दाब, पुन्हा थापट्या. कुणीतरी तेवढ्यात १०८ लावा. घशात आंधळेपणाने बोट फिरवू नका, वस्तू आणखी आत जाते. आणि मुळात अख्खे शेंगदाणे, फुटाणे, मक्याचे दाणे, अख्खी द्राक्षं, कच्च्या गाजराचे काप, बोराची-सीताफळाची बी बाळाच्या हाताला लागेल अशी ठेवूच नका. शेंगदाणा श्वासनलिकेत गेला तर तो भूल देऊन दुर्बिणीनेच काढावा लागतो.

अख्खा शेंगदाणा नको, पण शेंगदाणा हवा! इथे एक सुरस गोष्ट आहे. ब्रिटनमधल्या ज्यू मुलांना शेंगदाण्याची ॲलर्जी इस्राएलमधल्या ज्यू मुलांच्या सुमारे दहापट जास्त आढळते, हे २००८ साली समोर आलं. वंश तोच, मग फरक कशाचा? इस्राएलमध्ये बाळं लहानपणापासून बांबा नावाचा शेंगदाण्याचा कुरकुरीत, तोंडात विरघळणारा खाऊ खातात. ब्रिटनमध्ये ॲलर्जीच्या धास्तीने शेंगदाणा दूर ठेवत. मग लंडनमध्ये ६४० बाळांवर प्रयोग झाला, इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असलेली, म्हणजे धोक्यातली बाळं निवडून. २०१५ला निकाल आला. सुरुवातीच्या त्वचेच्या चाचणीत ॲलर्जी न दिसलेल्या बाळांपैकी, शेंगदाणा टाळलेल्यांत पाच वर्षांच्या वयाला १३.७ टक्क्यांना ॲलर्जी झाली. लवकर खाल्लेल्यांत १.९ टक्के. टाळून फायदा नव्हता, तोटाच होता. आपल्या घरात शेंगदाण्याचं कूट डब्यात भरलेलंच असतं. ते वस्त्रगाळ करून अर्धा चमचा खिमटीत मिसळा. अंडंही तसंच, पूर्ण शिजवलेलं. नवीन पदार्थ सकाळी द्या, एका वेळी एकच, दोन-तीन दिवस बघा. बाळाला आधीपासून जास्त इसब असेल तर मात्र पहिल्यांदा डॉक्टरांना विचारून. 'केळ्याने सर्दी होते', 'अंडं उष्ण पडतं', 'दह्याने कफ होतो' या याद्यांना काही आधार नाही, आणि या याद्यांमुळेच वाटीत शेवटी भात आणि पाणी उरतं.

टाळायचं ते थोडं आहे. वर्षाच्या आत मध नाही, चाटण म्हणूनही नाही, मधाचं बोट लावलेली चोखणीही नाही. मधात एका जंतूचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांच्या आतड्यात ते गप्प बसतात, बाळाच्या कच्च्या आतड्यात रुजतात आणि विष तयार करतात. बाळ मऊ पडतं, चोखणं मंदावतं, शी अडते. उकळून हे बीजाणू मरत नाहीत. वर्षाच्या आत वरून मीठ नाही, मूत्रपिंड लहान असतात आणि धान्य-भाजीतलं नैसर्गिक मीठ पुरतं. दोन वर्षांच्या आत साखर नाही. उष्टावणाची खीरसुद्धा पिकलं केळं कुस्करून गोड करता येते, मामाला कळणारही नाही. गाईचं-म्हशीचं दूध मुख्य पेय म्हणून वर्षानंतर. दही, पनीर आधीही चालेल. बाळगुटीबद्दल माझं मत स्पष्ट आहे : सहाणेवर जायफळ-वेखंडाचे वेढे उगाळताना माप राहत नाही, जायफळाने गुंगी येते आणि 'शांत झोपलं' म्हणून आपण खूश होतो. वाद नको असेल तर खारीक-बदाम उगाळा आणि सहाण गरम पाण्याने धुवा.

हल्ली पुण्या-मुंबईत चमचा न धरता बाळाच्या हातात तुकडे देऊन स्वतः खाऊ द्यायची टूम आहे. वाईट नाही. बाळ हाताळतं, चावायला शिकतं, पोट भरलं की थांबतं. माझी शंका लोहाबद्दल आहे. गाजर आणि काकडीच्या कांड्या फोटोत छान दिसतात, पोटात फारसं काही जात नाही. आमच्याकडे दोन्ही चालायचं : तिच्या हातात वाफवलेल्या रताळ्याची काडी आणि माझ्या हातात खिमटीचा चमचा. रताळं तिने बहुतेक केसांना लावलं.

आणि ती खायला नाही म्हणाली तर? म्हणतातच. एखादी चव मान्य व्हायला आठ-दहा वेळा, कधी पंधरा वेळा समोर यावी लागते. दोनदा थुंकलं म्हणून 'हिला भोपळा आवडत नाही' असा शिक्का मारला की भोपळा कायमचा गेला. हात धरून, नाक दाबून, मोबाइलवर गाणी लावून भरवलेला घास आत जातो, पण बाळ खायला शिकत नाही. स्क्रीन बंद झाली की तोंडही बंद. समोर बसा, बोला, घास दाखवा, थांबा. तोंड फिरवलं की जेवण संपलं. "एक घास चिऊचा, एक घास काऊचा" हे जुनंच तंत्र आहे, त्यात बाळाकडे बघणारं एक माणूस असतं.

ताप, जुलाब आले की खाणं बंद करू नका. दूध जास्त वेळा, खाणं थोडं थोडं, आवडेल ते. बरं झाल्यावर दोन आठवडे रोज एक जेवण जास्त. आजारात गेलेलं वजन तेव्हाच भरून येतं. दर महिन्याला अंगणवाडीत वजन करून घ्या. ताईंकडे वाढीचा तक्ता असतो आणि सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलांसाठी घरी न्यायचा पोषण आहारही. दोन महिने रेघ आडवी गेली, बाळ सहाच्या पुढे जाऊनही चमचा अजिबात घेत नाही, दर घासाला ठसका लागतो, किंवा नवीन पदार्थानंतर अंगावर गांध्या उठून ओठ सुजले, तर घरचे सल्ले बाजूला ठेवून डॉक्टर गाठा. सूज आणि श्वासाला त्रास असं दोन्ही असेल तर उद्यावर ढकलू नका.

वर्षाचं झालं की वेगळा स्वयंपाक जवळजवळ संपतो. भाजी-आमटीत तिखट पडायच्या आधी तिची वाटी बाजूला काढायची, भाकरी त्यात कुस्करायची, वर तूप सोडायचं, आणि पंगतीला आपल्याच शेजारी बसवायचं. सांडण्यासाठी खाली जुनं वर्तमानपत्र घाला. आम्ही पहिल्या दिवशी सतरंजी घातली होती.